जाळीत न मावणारा नट

“अठ्ठावन्न... एकोणसाठ... साठ! मिनलताई, एक मिनिट झालं!”

“ओरडू नकोस रे गौरांग! दोर बघ. हलला का?”

“नाही ना!”

“मग मोज पुढे!”

मधुकररावांच्या विहिरीच्या कठड्यावर तीन डोकी वाकली होती. खाली हिरवंगार पाणी स्तब्ध होतं. त्यात सरळ उतरलेला पंपाचा जाड पाइप आणि त्याच्या शेजारी ताणलेला दोर, एवढंच दिसत होतं. दोराचं दुसरं टोक केशवकाकांच्या हातात होतं, आणि ते अगदी आरामात सुपारी चघळत उभे होते.

“काहून घाबरता पोट्टेहो? माही शिष्या आहे ते! दीड मिनिट कुठी जात नाही तिचं.”

“पण काका, खाली वीस फूट—” प्रशिक म्हणाला.

इतक्यात पाणी फुटलं आणि दामिनीताईचं डोकं वर आलं! केस गालाला चिकटलेले, ओठ निळसर, आणि हातात काळ्या कुजक्या पाल्याचा भलामोठा गोळा!

“हे पाहा!” ती दम घेत ओरडली. “जाळी पुरी बुजली होती! आता एकदम साफ!”

“हुर्रे!” गौरांगने उडी मारली, आणि मिनलने त्याची कॉलर धरली म्हणून बरं!

मिनल आणि गौरांग नागपूरच्या धरमपेठेतले. भाऊबीज झाली की उरलेली सुट्टी कोराडीच्या पलीकडे नीलाआत्याकडे काढायची, हा त्यांचा दरवर्षीचा नेम. प्रशिक जवळच्याच वीजकेंद्राच्या वसाहतीत राहायचा. त्याचे बाबा तिथे यंत्रं सांभाळायचे, त्यामुळे प्रशिकला कुठलीही वस्तू दिसली की ती उघडून आत बघायची खोड होती. आणि दामिनीताई आत्याच्या शेजारची. यंदा बारावी झालेली. तिला पाणबुडी व्हायचं होतं! समुद्रात उतरून पुलांचे खांब, जहाजांचे तळ, बंदराच्या भिंती दुरुस्त करणारी खरीखुरी पाणबुडी! त्याचं शिक्षण देणारं कॉलेज दूर किनाऱ्यावर होतं. तिथे प्रवेश मिळण्याजोगे मार्क तिला होते. धंतोलीच्या दवाखान्यात कान आणि छाती तपासून झाली होती. डॉक्टर म्हणाले होते, असे कान दहा हजारांत एकाचे असतात. फक्त फीचा पहिला हप्ता कार्तिकी पौर्णिमेपर्यंत भरायचा होता, आणि तो घरातून येण्यासारखा नव्हता.

“नागपुरात समुद्र कुठी आहे वं?” असं तिला सगळे चिडवायचे. “संत्र्याच्या रसात बुडी मारतं काय?”

दामिनीताई हसायची आणि काम शोधायची. उन्हाळ्यात तिने धरमपेठेतल्या मुलांना पोहायला शिकवलं. गणपतीत विसर्जनाच्या हौदात दिवसभर कमरेइतक्या पाण्यात उभी राहून मूर्ती सोडल्या. एका काकूंचं कानातलं विहिरीत पडलं तेव्हा तिने तीन तास बुड्या मारल्या. कानातलं मिळालं नाही, पण चार बालट्या, एक तांब्या आणि कुणाचा तरी जुना रेडिओ मिळाला! शेवटी केशवकाकांनीच तिला हे काम मिळवून दिलं.

काम असं होतं. पंपाचा पाइप विहिरीत पाण्याखाली जिथे संपतो तिथे एक झडप असते. तिला फुटवॉल म्हणतात. पंप बंद झाला की झडप मिटते आणि पाइपातलं पाणी धरून ठेवते. पाणी निसटलं तर पंप नुसताच घरघरतो, ओढत नाही. झडपेखाली लोखंडी जाळी असते, कचरा आत शिरू नये म्हणून. पावसाळाभर पंप बंद, मग जाळीवर गाळ आणि पाला बसतो. दिवाळीनंतर हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायची वेळ आली की नेमका पंप रुसतो! पाइप वर काढायचा तर चार माणसं आणि साखळीची पुली लागते. त्यापेक्षा कुणी बुडी मारून जाळी साफ केली तर सोपं.

केशवकाका भागातले पंपाच्या मोटारींचे मेकॅनिक. दामिनीताई सात वर्षांची होती तेव्हा तिला पाठीला डबा बांधून त्यांनीच पाण्यात ढकललं होतं. गुरुपौर्णिमेला ती अजून त्यांच्यापुढे नारळ ठेवायची.

“चला, पाणी भरू!” काका म्हणाले. विहिरीच्या काठावर पाइप वळतो तिथे एक टोपण होतं. ते फिरवून त्यांनी काढलं, बालटीने धो धो पाणी आत ओतलं, टोपण बसवलं. मिनलच्या मुठीत फ्यूजची ग्रिप होती; ती काढलेली असली की पंपाला वीज मिळत नाही. ताई पाण्यात असेपर्यंत ती कुणालाही द्यायची नाही, हा नियम. आता तिने ती डब्यात बसवली. काकांनी बटण दाबलं, आणि पाटात पांढरंशुभ्र पाणी उसळलं!

“वाह वं पोरी!” मधुकरराव खूश झाले. ते गावातले वडीलधारे, संत्र्याच्या बागेचे मालक, आणि कौतुकाला जरा कंजूष. पण आज त्यांनी दामिनीताईच्या डोक्यावर हात ठेवला.

“पाच विहिरी झाल्या!” परतताना ती म्हणाली. “अजून आठ-नऊ भेटल्या की फी होते! काका सांगून राहिले, सगळ्या गावात बोलतो म्हणून.”

आणि ती रस्त्यातच गोल फिरली. ओल्या केसांचं पाणी तिघांच्या अंगावर उडालं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटक धाडकन वाजलं. मधुकरराव!

“नीलाबाई! कुठी आहे ते तुमची पाणबुडी?”

आत्या तुळशीपुढे दिवा लावत होती. तिने मान वर केली, पण बोलली नाही. कार्तिक महिनाभर पहाटेच्या स्नानापासून दुपारच्या जेवणापर्यंत तिचं मौन असायचं. कितीही मोठं काही झालं तरी! काल दूध उतू गेलं तेव्हाही ती नुसत्या टाळ्या वाजवत राहिली, आणि गौरांगला वाटलं आत्या आरती करतेय.

आता तिने शेजारच्या घराकडे बोट दाखवलं. दामिनीताई बाहेर आलीच होती.

“काय झालं आजोबा?”

“काय होते? पंप पाणी सोडून राहिला! कालच्या दिवस चालला, आज पुन्हा बोंब! अन् माहाच नाही, त्या तीन विहिरींचं बी तेच! असं कच्चं काम करते काय कोणी?”

दामिनीताईचा चेहरा उतरला. “पण जाळी तर मी... मी पुन्हा पाहते आजोबा. पैसे नको.”

“आता राहू दे.” आवाज केशवकाकांचा होता. ते मागून सायकलवरून उतरले आणि समजुतीने मान हलवत म्हणाले, “पोरीनं आपल्या परीनं केलं मधुकरराव. तिचा काय दोष? मीच म्हणलं होतं, एकदा संधी देऊन पाहू. नाही जमलं. जुने पंप आता कामाचे नाहीत. पाण्यात बुडवून ठेवायचा नवा पंप घ्या. फुटवॉलच नाही, तर कटकटच नाही! माह्याकडे भेटून जाईल.”

“तेच करतो आता,” मधुकरराव म्हणाले. जाताना त्यांनी दामिनीताईकडे पाहिलंसुद्धा नाही.

दामिनीताई तिथेच उभी राहिली. केशवकाकांनी तिच्या खांद्यावर थोपटलं. “मनाले लावून नको घेऊ. तू लहान आहे अजून.”

गौरांगला ते थोपटणं आवडलं नाही. का आवडलं नाही ते मात्र त्याला सांगता आलं नाही.

*

“आत्याच्या विहिरीचा पंपही बंद पडलाय,” मिनल दुपारी म्हणाली. “ती तर ताईने परवाच साफ केली होती. पाच विहिरी, आणि पाचही दुसऱ्याच दिवशी? हे विचित्र नाही का?”

“विचित्र नाही बे, अशक्य आहे!” प्रशिक म्हणाला. “दामिनीताई, तू जाळी साफ केली. पण जाळीच्या वरची झडप पाहिली काय?”

“ते कशाले? जाळी असताना आत काय जाणार?”

“पाहा ना पण एकदा! तुले माही शपथ!”

आत्याने होकार दिला. आता जेवण झालं होतं, त्यामुळे तोंडाने! आणि वर कमरेला पदर खोचून दोर धरायला स्वतः उभी राहिली. फ्यूजची ग्रिप मिनलच्या मुठीत.

दामिनीताई उतरली. पहिली बुडी, वर आली. “जाळी चकचकीत आहे!” दुसरी बुडी, जाळीची टोपी आटे फिरवून ढिली केली. तिसऱ्या बुडीला खूप वेळ लागला. गौरांग मोजता मोजता नव्वदवर अडखळला. आणि मग ती वर आली. एक मूठ घट्ट मिटलेली.

काठावर येऊन तिने मूठ उघडली. हातात एक लोखंडी नट होता. बोल्टवर बसवतात तसला, अंगठ्याएवढा जाड.

“झडपेत अडकला होता. म्हणून झडप मिटत नव्हती. मी बोटानं ढकललं तर पडला माह्या हातात.”

“जाळी? जाळी आणली का वर?” प्रशिक अधीर झाला होता.

जाळीची टोपी तिने दोराला बांधून आणली होती. प्रशिकने नट जाळीच्या भोकावर ठेवला. उभा केला, आडवा केला, दाबला. भोकात त्याची करंगळीसुद्धा जात नव्हती, मग नट कुठला जायला!

आत्या दोर आवरून केव्हाच घराकडे वळली होती; चौघं जाळीभोवतीच बसले.

“खालून आलाच नाही,” मिनल हळूच म्हणाली. “जाळीतून मावतच नाही.”

“मग कुठून आला?” गौरांग म्हणाला, आणि त्याची नजर आपोआप काठावरच्या टोपणाकडे गेली. “वरून! तिथून कोणी टाकला तर सरळ खाली!”

“अन् ते टोपण कोण उघडते?” प्रशिकने विचारलं. “पाणी कोण भरते दर वेळी? केशव—”

“तोंड सांभाळ प्रशिक!”

दामिनीताई इतक्या जोरात ओरडली की बाभळीवरचे बगळे उडाले.

“त्यांनी मले पोहणं शिकवलं! मले ताप होता तवा खांद्यावर घालून दवाखान्यात नेलं! त्यांच्याबद्दल असं बोलता? मी त्यांनाच विचारतो. आत्ताच!”

“नको ना ताई! सावध होतील ते—”

पण ती ओल्या कपड्यांनिशीच निघून गेली होती.

तासाभराने परत आली तेव्हा तिचा चेहरा दगडासारखा होता.

“काका म्हणाले, हे पोट्टे पंपाजवळ खेळतात. गौरांगला त्यांनी टोपणाशी पाहिलं आहे. खेळता खेळता टाकला असन.” तिने गौरांगकडे पाहिलं. “खरं सांग. तू टाकला?”

“मी?” गौरांगचे डोळे भरून आले. “मी तर तुझे सेकंद मोजत होतो ताई!”

“उद्यापासून तुम्ही कोणी विहिरीवर येऊ नका,” ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

तिघं बाहेर उभे राहिले. केशवकाकांवर त्यांचाही जीव होता. दरवर्षी आल्या आल्या “आले काय धरमपेठचे साहेब!” म्हणून ते गौरांगला सायकलवर बसवून गावभर फिरवायचे. आणि आज त्यांनी गौरांगचंच नाव घेतलं होतं! चुकून नाही, गोंधळून नाही. अगदी ठरवून.

“गौरांग रडला तर रडू दे,” प्रशिक दात आवळून म्हणाला. “आपण रडायचं नाही. आपण पाहायचं.”

*

केशवकाकांचं दुकान हमरस्त्यावर होतं. समोरून कोळशाचे ट्रक धडधडत जायचे आणि सगळ्यावर राखेचा थर बसायचा. प्रशिक घरातला बिघडलेला टेबलफॅन घेऊन तिथे गेला. बिघडलेला म्हणजे, जाण्यापूर्वी त्याने स्वतःच त्याची एक तार काढली होती!

“काका, हा फिरून नाही राहिला.”

“ठेव तिकडे. चहा घेऊन येतो, मग पाहतो.”

काका टपरीकडे वळले. प्रशिकने आत डोकावलं. भिंतीशी पाच कोरे खोके रचलेले, त्यांवर नव्या पंपाचं चित्र. आणि प्रत्येक खोक्यावर खडूने लिहिलेलं एकेक नाव.

तो पंखा तिथेच टाकून पळत सुटला.

“खोक्यांवर नावं आहेत!” धापा टाकत तो म्हणाला. “मधुकरराव. त्या तिघांची. अन् पाचवं नाव, नीलावहिनी!”

“पण आत्याने पंप मागवलाच नाहीये!” मिनल म्हणाली. “ती तर म्हणते, जुनाच चालवणार!”

“तेच तर! विकत घ्यायचं ठरायच्या आधीच खोका तयार! म्हणजे त्याले माहीत आहे, पंप पुन्हा बंद पडणार!”

दामिनीताईने आधी दार उघडलं नाही. मग मिनल दाराबाहेरूनच म्हणाली, “ताई, आमच्यावर विश्वास ठेवू नकोस. तू फक्त जाऊन वाच.”

बऱ्याच वेळाने कडी निघाली. ती एकटीच गेली. दुकानात काका नव्हते. परत आली ती थेट आत्याच्या ओसरीवर येऊन बसली. गौरांगला तिने जवळ ओढून घेतलं.

“अक्षर त्यांचंच आहे,” शेवटी ती म्हणाली. “शाळेत असताना माह्या वह्यांवर नाव तेच टाकून द्यायचे. त्या अक्षरात चूक होऊ शकत नाही.”

“ताई...”

“मले वाटलं होतं, त्यांनी मले काम शोधून दिलं. त्यांनी मले दाखवायले उभं केलं होतं. पाहा, स्वस्तातला उपाय करून पाहिला, पोरीले जमलं नाही, आता पंप घ्या. मी बुडी मारत होती, अन् ते वर दोर धरून...”

तिने डोळे पुसले. मग एकदम ताठ बसली.

“उद्या सकाळी नीलाकाकूच्या विहिरीत मी पुन्हा उतरतो. पाणी भरायले काकाले मीच बोलावतो. मधुकरआजोबाले बी. पण नट खाली गेला की गेला. तो वरच धरला पाहिजे. कसा?”

सगळे विचारात पडले. स्वयंपाकघरातून आत्याचा आवाज आला, “चहा घेता काय वं पोरींनो?”

गौरांग ताडकन उठला. “गाळणी!”

*

आत्याची चहाची गाळणी दुसऱ्या दिवशी सकाळी पाइपात होती! प्रशिकने दांडा वाकवून, कडेला बारीक तार बांधून ती टोपणाखाली वीतभर लोंबती सोडली होती. वरून बघितलं तर आत काळोखाशिवाय काही दिसत नव्हतं. ओतलेलं पाणी गाळणीतून खाली जाईल. पण जाड काही पडलं तर?

“एक लक्षात ठेवा,” प्रशिक म्हणाला. “पंप सुरू झाला की गाळणी ओढली जाईल अन् पंपात फसेल. तो सुरू झाला नाही पाहिजे. काहीही झालं तरी!”

“ग्रिप मी देणार नाही,” गौरांग म्हणाला. “मिनलताई, आज ती माझ्याकडे!”

ऊन चढू लागलं होतं. आत्या विहिरीच्या कठड्याच्या पायथ्याशी पणती लावून हात जोडून बसली होती. अर्थातच मौनात. मधुकरराव कुरकुरत आले. “पुन्हा तेच काय दाखवतं?” केशवकाकाही आले, नेहमीसारखे हसत.

“कशाले एवढी मेहनत पोरी?”

“शेवटचं, काका,” दामिनीताई म्हणाली. तिचा आवाज इतका साधा होता की मिनलला नवल वाटलं. “यावेळी नाही झालं तर मीच नीलाकाकूले नवा पंप घ्या म्हणतो.”

ती उतरली, दोन बुड्या मारल्या, वर आली. “झालं.”

काकांनी टोपण काढलं. बालटी उचलली. त्यांच्या आडव्या धरलेल्या बालटीआड हात दिसत नव्हता. धो धो धो... आणि त्या आवाजात अगदी बारीक, टिण्! फक्त जवळ उभ्या असलेल्या मिनलला ऐकू आलं.

टोपण बसलं. काकांनी बटण दाबलं. काहीच नाही.

“लाइन गेली काय?”

“लाइन आहे,” गौरांग म्हणाला. त्याने मूठ पाठीमागे लपवली होती. “ग्रिप माझ्याकडे आहे. आणि मी देणार नाही!”

“दे बे पोट्ट्या, मस्करी नको करू!” काका पुढे झाले. गौरांग विहिरीला वळसा घालून मधुकररावांच्या मागे दडला.

“काका,” दामिनीताई म्हणाली, “टोपण उघडा.”

“आता कशाले?”

“उघडा ना.”

ते हलले नाहीत. तेव्हा तिने स्वतःच उघडलं, आत बोट घालून तार पकडली आणि गाळणी वर ओढली. गाळणीत दोन जाड लोखंडी नट होते, ओले, चमकणारे.

मधुकररावांनी चष्मा नाकावर सरकवला. “हे काय?”

“पंप बंद पाडायचं औषध आजोबा!” प्रशिक म्हणाला आणि त्याने जाळी, आधी सापडलेला नट, भोकात तो मावत नाही ते, सगळं भराभर दाखवलं.

केशवकाकांचा चेहरा क्षणभर पांढरा पडला. मग ते मोठ्याने हसले.

“अरे बाप्पा! मधुकरराव, गाळणी कोणी लावली? या पोट्ट्यांनी! मग नट बी त्यांनीच आधी टाकून ठेवले असतील ना! शहरातले पोट्टे, सुट्टीत दुसरं काम काय? तुम्ही माह्यावर विश्वास ठेवता का यांच्यावर?”

मधुकरराव घुटमळले. वीस वर्षं ओळखीचा मेकॅनिक एकीकडे, चार पोरं दुसरीकडे. गाळणी आपणच लावली, हे तर खरंच होतं! आता कोण ऐकणार?

“मी पाह्यलं.”

सगळे दचकून वळले. आत्या उभी होती. कार्तिक लागल्यापासून सकाळच्या वेळी कुणी तिचा आवाज ऐकला नव्हता.

“केशवभाऊ, मी खाली बसली होती. तिथून तुमची बालटी आडवी नाही येत. तुमचा हात खिशात गेला, अन् टोपणात रिकामा झाला. मागच्या वेळी बी असंच पाह्यलं होतं. मले वाटलं, मोटारीचंच काही सामान असन. मौन होतं, पुसलं नाही, अन् दुपारी विसरून गेली. ते माही चूक.”

“नीलावहिनी... तुमचं व्रत...”

“मोडलं. उद्यापासून पुन्हा धरीन. पण माह्यासमोर लेकराचं खोटं नाव घेतलं, अन् मी गप्प राहिली, तर ते कोणत्या देवाले चाललं असतं?”

केशवकाका खाली बघत राहिले. मग त्यांनी दामिनीताईकडे पाहिलं, आणि जणू तिलाच पटवायचं होतं तसं म्हणाले, “पण तुहं काय बिघडलं? तुले तर दर विहिरीचे पैसे भेटले ना? मीच मिळवून दिले! मले एका पंपामागे थोडं सुटत होतं, तर...”

“लोक मले कच्ची म्हणत होते काका,” दामिनीताई म्हणाली. “अन् तुम्ही बाजूले उभे राहून माह्या पाठीवर थोपटत होते.”

सायकल न घेताच ते पायी निघून गेले.

*

संध्याकाळी मधुकरराव स्वतः आत्याच्या ओसरीवर आले. सोबत त्या तीन विहिरींचे मालकही होते. चौघांनी नव्या पंपाला नाही म्हणून कळवलं होतं.

“चूक आमची बी आहे,” मधुकरराव म्हणाले. “जाळीचं भोक केवढं अन् नट केवढा, हे पाहायले डोळे सगळ्यांनाच होते. पाह्यलं फक्त या पोट्ट्यांनी! शाबास प्रशिक, शाबास मिनल! अन् तू बी रे धरमपेठचे साहेब, ग्रिप नाही सोडली तू!”

गौरांग हसला, पण ‘साहेब’ ऐकून त्याचा चेहरा जरासा पडलाच.

“अन् दामिनी, तुले कच्ची म्हणलं. म्हातारा चुकला वं. चारही झडपा उघडून साफ करायच्या. आमच्या भावकीत अजून नऊ विहिरी आहेत, त्या बी तुह्याच. पण एकटीनं नाही उतरायचं. दोर धरायले आम्ही दोघं-दोघं उभे राहू.”

“जमते आजोबा,” दामिनीताई म्हणाली. पहिल्यांदाच तिच्या ओठांवर हसू आलं.

आत्याने सगळ्यांना साखर-खोबरं दिलं. पाहुणे गेल्यावर मिनलने मोबाइलवर कॉलेजचा अर्ज उघडला. चौघं डोकी जोडून बसले. नाव, जन्मतारीख, बारावीचे मार्क, कानांच्या तपासणीचा कागद. भराभर भरत गेलं.

मग मिनलचं बोट थांबलं. रकान्यात लिहिलं होतं, ‘पोहण्याचे प्रशिक्षण कोणाकडे घेतले?’

रस्त्यावरून ट्रकची रांग गेली.

“धरमपेठेच्या पोहण्याच्या तलावाचं नाव टाकू?” मिनलने हळूच विचारलं. “तिथे शिकवलंस ना तू...”

“शिकवलं. शिकली नाही.” दामिनीताईने मोबाइल स्वतःकडे घेतला आणि टाइप केलं, ‘श्री. केशव भोयर.’

“त्याचं नाव?” प्रशिक उसळला. “एवढं करून? काहून टाकतं ताई?”

“मग कोणाचं टाकू? शिकवलं तर त्यांनीच.” ती क्षणभर त्या नावाकडे बघत राहिली. “मी त्यांच्याशी आता बोलणार नाही. माह्या दोराले हात लावू देणार नाही. पण अर्जात खोटं नाही लिहीत मी.”

आत्याने मागून येऊन तिच्या केसांवरून हात फिरवला. “लेकी, एवढं खरं ज्याले लिहिता येते, त्याले समुद्र काय करते!”

पुढचा रकाना होता, ‘प्रशिक्षकाचा फोन नंबर.’

तो दामिनीताईला पाठ होता.